डबल बेल न होता सुटलेली गाडी

जानराव अवसरमोल यांना नावानं हाक मारणारी माणसं दुसरबीडमध्ये आता पाच-सहाच उरली असतील. बाकी सगळ्यांसाठी ते 'कंडक्टर'. रिटायर होऊन चार वर्षं झाली, खाकी पँटी फाडून बायकोनं त्यांच्या बाजाराच्या पिशव्या शिवल्या, तरी हाक तीच. आणि खरं सांगायचं तर यात हाक मारणाऱ्यांचा काही दोष नाही. हा माणूस किराणा दुकानात शिरला तरी आधी गिऱ्हाइकं मोजतो. लग्नाच्या मांडवात गेला की "पुढं सरका, पुढं सरका, मधी लय जागा हाय" असं म्हणत पाहुण्यांना ढकलतो. विहारात वंदना संपली की सगळे बाहेर पडेपर्यंत दाराशी उभा राहतो, आणि शेवटचं माणूस गेलं की मागं वळून सतरंजीवर कोणाची पिशवी राहिली का ते पाहतो. एकदा तिथं भन्तेंचाच चष्मा सापडला होता, तेव्हापासून तर विचारूच नका.

एकतीस वर्षं मेहकर आगार. त्यातली बावीस वर्षं मेहकर-जालना, जालना-मेहकर. या रस्त्यावरच्या गावांचं अर्धं पोस्ट जानरावांच्या हातून चालायचं. जालन्याहून कोणाचा चष्मा, मेहकराहून कोणाच्या सासऱ्याची औषधं, सिंदखेडराजाहून लग्नाच्या पत्रिका, आणि एकदा तर रुसून माहेरी बसलेल्या एका सुनेसाठी नवऱ्याची चार ओळींची चिठ्ठी. दिलेला निरोप पोचला नाही, असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नाही. ती सून पण आली परत. दुसऱ्याच गाडीनं, पण आली.

आणि वर ती घंटीची दोरी. छताला लागून पुढं ड्रायव्हरपर्यंत गेलेली. एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. बावन्न सीटांची गाडी, पण तिचा जीव त्या दोरीत, आणि दोरी जानरावांच्या हातात.

या राज्यात नियमाबाहेरचं माणूस एकच होतं, ते म्हणजे सिंधूताई. सिंधूताईंचं माहेर जालन्याकडचं, म्हणजे नवऱ्याच्याच रूटवर. जाता-येता त्या सिंदखेडराजाला उतरायच्या, बांगड्या पाहायच्या, भाव करायच्या, न घेता परत यायच्या. गाडी उभी. ड्रायव्हर स्टेअरिंगवर बोटं वाजवतोय, प्रवासी मान काढून बघतायत, आणि जानराव दाराशी उभे, दोरीला हात लावून, पण डबल बेल काही देत नाहीत. उभ्या आयुष्यात गाडी त्यांच्यावाचून हलली नव्हती. त्यामुळे गाड्या आपल्यासाठी थांबतात, हे सिंधूताईंना सूर्य उगवण्यासारखं पक्कं माहीत होतं.

तक्रार होती ती वेगळीच. नवऱ्यासोबत प्रवास मोप झाला, पण नवऱ्याच्या शेजारी बसून एकदाही नाही. ही खिडकीत, तो दाराशी. तिकिटं फाडता फाडता हिच्या सीटजवळ आला की ही हळूच म्हणायची, "बसा ना दोन मिन्टं." तो म्हणायचा, "ड्युटी हाय." बास. एवढाच त्यांचा प्रवासातला संसार.

म्हणून यंदा समतानं, म्हणजे त्यांच्या लेकीनं, नाशिकला नर्स आहे ती, आईवडिलांची नावं एका सहलीत परस्पर घालून टाकली. सिंदखेडराजाचा जीवन नावाचा एक पोरगा अशा सहली काढतो. दुसरबीडहून जालन्यापर्यंत छोटी बस, तिथून रेल्वे, आणि मग दिवसभर संभाजीनगर. बोर्डावर संभाजीनगर, जानरावांच्या तोंडात अजून औरंगाबादच. मकबरा, पाणचक्की, डोंगरातली बुद्ध लेणी, संध्याकाळी परत. सोबत माहिती सांगायला स्वतः जीवन, हातात काठीला बांधलेली हिरवी झेंडी घेऊन.

"काठीला झेंडी?" जानराव म्हणाले. "आमी काय शाळेचे पोरं हाओ का बे?"

"काका, गर्दीत दिसते. झेंडीच्या मागं मागं यायचं, हरवायचं कामच नाही."

जालन्याच्या प्लॅटफॉर्मवर जीवननं माणसं मोजली ती लांबूनच, नजरेनं. "बावीस... तेवीस. झालं." जानरावांना ते बघवेना. माणसं अशी मोजतात? एकेका सीटला हात लावून मोजावं लागतं, तेव्हा कुठं आकडा खरा येतो. ते उठून मोजायला निघाले, तर सिंधूताईंनी सदऱ्याचं टोक धरलं.

"बसा."

"मोजतो फक्त."

"बसा म्हन्लं ना. आज तुमी पॅशिंजर हा."

समोरच्या बाकावर हिंमतराव होते. जुने मित्र, जुने भांडकुदळ, आणि गल्लीत कोणाचं काय चाललंय याची पक्की खबर ठेवणारे. ते हसून म्हणाले, "वहिनी, त्याले दरवाजाजवळ उभं करा. तिथंच त्याले झोप लागते."

रेल्वेत सिंधूताई पहिल्यांदाच बसत होत्या. खिडकी त्यांची, शेजारी नवरा. बदनापूर मागं पडेपर्यंत जानराव चारदा उठले, चारही वेळा सदरा ओढला गेला. मग ते दर मिनिटाला खिशातून मोबाईल काढून वेळ बघायला लागले, तेव्हा सिंधूताईंनी मोबाईलच काढून घेतला आणि आपल्या खाकी पिशवीत टाकला. पिशवीत भाकरीचा डबा, नवऱ्याच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या, आणि पाण्याची बाटली.

त्या मोबाईलला त्या एरवी हात लावत नसत. त्याचं कारण आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. जानराव नोकरीत असताना एकदा आगारातून मोठ्या साहेबांचा फोन आला होता. सिंधूताईंनी उचलला आणि खरं ते सांगून टाकलं, "ते संडासात हायेत, साहेब. वेळ लागंल." आगारात ते वाक्य पुढं सहा महिने चाललं. तेव्हा जानरावांनी ताकीद दिली होती, माझा फोन वाजला तरी उचलायचा नाही. सिंधूताईंनी ती शब्दाला धरून पाळली. तेवढी एकच ताकीद त्यांनी पाळली, हेही सांगितलं पाहिजे.

करमाडला गाडी थांबली. थांबा नव्हता, समोरून दुसरी गाडी यायची होती, म्हणून उभी राहिली. लोक पाय मोकळे करायला उतरले. घड्याळात नऊ वाजले होते, म्हणजे गोळीची वेळ. सिंधूताईंनी बाटली काढली तर रिकामी.

"हिंमतरावभाऊ!"

"एक घोट घेतला हो, वहिनी."

"एक घोट आणि बाटली रिकामी? हत्ती हा का तुमी?"

समोरच प्लॅटफॉर्मवर नळ दिसत होता. सिंधूताई उठल्या. पिशवी पण घेतली, कारण एसटीतनं उतरताना पिशवी सोडायची नसते हे त्यांना नवऱ्यानंच शिकवलं होतं.

"मी आणतो ना," जानराव म्हणाले.

"तुमी जागा धरा. तुमी उठले का हिंमतराव आडवे होतात."

"लवकर ये मंग. ही रेल्वे हाय."

सिंधूताईंनी दाराजवळून मागं वळून पाहिलं. "तुमी हा ना गाडीत," त्या म्हणाल्या, आणि उतरल्या.

एसटी सुटते तेव्हा आधी गुरगुरते, मग धक्का देते, मग चार माणसं ओरडतात. रेल्वे तसं काही करत नाही. समोरची गाडी धडधडत निघून गेली, एक भोंगा झाला, आणि जानरावांच्या लक्षात आलं ते एवढंच, की खिडकीतला करमाडचा बोर्ड हळूच मागं सरकतोय. त्यांना वाटलं, बोर्डच सरकतोय.

मग ते दाराकडे धावले.

सिंधूताई नळाशी होत्या, बाटली तोटीखाली. कोणीतरी ओरडलं तेव्हा त्यांनी मान वळवली. गाडी चालली होती. त्या धावल्या नाहीत. घाबरल्याही नाहीत. त्यांनी बाटली डाव्या हातात घेतली आणि उजवा हात वर केला, फाट्यावर उभं राहून एसटीला करतात तसा, निवांत, खात्रीनं.

जानरावांचाही हात वर गेला. आपोआप. दोरीच्या जागी. तिथं दोरी नव्हती. तिथं काहीच नव्हतं, नुसता पत्रा.

"थांबव बे! बाई राह्यली! थांबव!"

ज्याला सांगायचं तो ड्रायव्हर सतरा डबे पुढं. जानराव आत पळाले. बाकाच्या वर लाल साखळी होती, तिच्यापर्यंत हात पोचला, मूठ आवळली गेली. आणि तिथं, साखळीच्या खालीच, पाटी होती. विनाकारण साखळी ओढल्यास दंड, शिवाय शिक्षा.

आता दुसऱ्या कोणीही ती पाटी पाहिलीच नसती. हिंमतरावांनी तर पाहिलीच नाही, ते ओरडत होते, "ओढ ना, कंडक्टर! ओढ!" पण एकतीस वर्षं ज्यानं लोकांना पाट्या दाखवल्या, 'वाचता येत नाही का' म्हणून बोटं उचलली, तो माणूस पाटी समोर आल्यावर वाचल्याशिवाय कसा राहील? जानराव वाचायला लागले. आणि विनाकारण या शब्दावर अडले. बायको पाण्याला उतरली, ती पण थांबा नसलेल्या ठिकाणी, हे कारण होतं का? आगारात असा प्रवासी आला असता तर ते काय म्हणाले असते? चूक प्रवाशाची, असंच म्हणाले असते. लेखी दिलं असतं.

बाजूचा एक माणूस म्हणाला, "काका, कशाला लफड्यात पडता? पुढच्या स्टेशनला उतरा."

तेवढ्यात झेंडी सावरत जीवन पळत आला. "काका, नका नका! मी करतो ना फोन. पंधरा-वीस मिनिटांत पोचतो आपण."

साखळीवरची मूठ सुटली. बाहेर बघितलं तर करमाड दिसतही नव्हतं.

जीवननं फोन लावला. कोणाला? सिंधूताईंजवळ फोन एकच, तो जानरावांचा. "वाजून राह्यला, काका. उचलत नाहीत."

"ते नाही उचलत," जानराव हळूच म्हणाले.

"काऊन?"

जानराव खिडकीकडे वळले. हिंमतरावांना कारण माहीत होतं, आणि पहिल्यांदाच आयुष्यात हिंमतराव गप्प बसले.

संभाजीनगरला उतरल्यावर स्टेशनच्या ऑफिसात गेले. तिथला माणूस भला होता. त्यानं करमाडला फोन लावला, ऐकलं, ठेवला. "तिथं प्लॅटफॉर्मवर कोणी बाई नाही म्हणतात."

"नाही म्हंजे?"

"म्हणजे आता तिथं नाहीत. बाहेर गेल्या असतील. वर्णन सांगा. साडी कोणत्या रंगाची?"

जानराव आठवायला लागले. लोणारहून चढलेला टोपीवाला बिबीला उतरला की सुलतानपूरला, हे ते दहा वर्षांनीही सांगतील. जालन्याच्या स्टँडवर फाटकी नोट देऊन सटकणाऱ्या माणसाचा चेहरा त्यांना अजून पाठ आहे. सकाळपासून मांडीला मांडी लावून बसलेल्या बायकोची साडी? हिरवी होती का? जांभळी? हिंमतरावांना विचारावं तर ते बाहेर.

"पिशवी खाकी हाय," ते म्हणाले. "माह्याच पँटीची. खालच्या कोपऱ्याले निळ्या दोऱ्याची शिलाई."

त्या माणसानं पिशवीच लिहून घेतली. मग भोंग्यावरून आवाज आला: सिंधूताई जानराव... इथं बोलणारी थोडी अडखळली... अवसरमोल, दुसरबीड, जिथे असतील तिथून चौकशी खिडकीजवळ यावे. सगळ्या स्टेशनभर बायकोचं नाव फिरलं, पुलाखाली गेलं, मालाच्या गोदामावरून परत आलं. लोकांनी वर बघितलं आणि पुन्हा आपापल्या कामाला लागले.

जीवनची अडचण पण खरी होती. बाहेर बस उभी, एकवीस माणसं उपाशी, मकबऱ्याची वेळ ठरलेली. त्यानं झेंडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "काका, मागनं जालन्याकडून तीन गाड्या आहेत. काकू कोणत्याही गाडीनं येतील, उतरतील इथंच. तुम्ही हलू नका. मी पाचला आणतो सगळ्यांना. की मी थांबू?"

"तू जाय. लोकायनं पैसे भरले."

"मी थांबतो त्याच्याजवळ," हिंमतराव म्हणाले.

"तुमी पण जा. तुमी इथं थांबून काय, पाणी प्यान."

हे एवढं लागलं हिंमतरावांना, की ते सरळ झेंडीच्या मागं चालू पडले.

आणि जानराव बसले. हरवलेल्यानं हलायचं नसतं, शोधणाऱ्यानं पण हलायचं नसतं. जत्रेच्या दिवसांत रडणाऱ्या बायांना त्यांनी हेच सांगितलं होतं, "बाई, इथंच उभ्या राहा, दोघं फिरले तर कोणीच भेटत नाही." किती सहज सांगायचे ते. सांगून लगेच पुढच्या सीटचं तिकीट फाडायला लागायचे. ज्या बाया उभ्या राहायच्या त्यांचं काय होत असेल, हे तेव्हा कधी बघितलं नव्हतं.

पहिली गाडी आली. जानराव प्रत्येक डब्याच्या दाराशी धावले, उतरणाऱ्या बायका मोजल्या. अठ्ठेचाळीस. खाकी पिशवी नाही.

प्लॅटफॉर्मवरच्या चहावाल्यानं त्यांना असं पळताना बघितलं आणि बोलावून घेतलं. शेषराव नाव त्याचं, मंठ्याकडचा.

"कोण यायचं हाय, बाबा?"

जानरावांनी सांगितलं. सगळं सांगितलं, फक्त साखळी सोडून.

शेषरावानं चहा पुढं केला आणि आपला मोबाईल दिला. जानरावांना दोनच नंबर पाठ होते, एक मेहकर आगाराचा आणि एक स्वतःचा. स्वतःचा लावला. घंटी जात होती. त्यांना दिसत होतं, कुठंतरी पिशवीत, भाकरीच्या डब्याशेजारी तो वाजतोय, आणि ती नवऱ्याची आज्ञा पाळतेय. त्यांनी फोनला ऐकू येईल इतक्या हळू म्हटलं, "उचल ना व. उचल. मी सांगून राह्यलो, उचल."

तासाभरानं पुन्हा लावला तर बंद.

"बॅटरी गेली असंल," शेषराव म्हणाला. "बाई हुशार हाय का?"

"माह्याहून."

"मंग काऊन घाबरता?"

"तिले वाटते, गाडी थांबते," जानराव म्हणाले. शेषरावाला ते कळलं नाही. कळणार कसं?

दुसरी गाडी आली, गेली. बायका एकसष्ट. पोलीसचौकीत गेले, तिथल्यानं सांगितलं संध्याकाळपर्यंत पाहा, मग लिहून घेऊ. जानराव परत त्याच बाकावर. गोळी सकाळची राहिली होती, डोकं जड झालं होतं, पण गोळ्या पिशवीत. फोन पिशवीत. भाकरी पिशवीत. सगळं तिच्याजवळ. त्यांच्याजवळ राहिला होता तो उजवा हात, साखळी धरून सोडलेला. मध्येच ते तळवा उघडून बघायचे, आणि मिटायचे. दोन सेकंद. पाटी वाचायला दोन सेकंदांहून जास्त लागली नसतील. फार तर तीन. आणि ती तिकडं हात वर करून उभी होती. तिला काय वाटलं असेल? थांबली नाही म्हणून नव्हे. *यांनी* थांबवली नाही म्हणून.

तिसरी गाडी तीनच्या सुमाराला आली. शेवटच्या डब्यातनं एक म्हातारी उतरली, पाठमोरी, अगदी तशीच. जानरावांनी तिच्या खांद्याला हात लावला. तिनं वळून जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण जानराव हात जोडून ऐकत राहिले, त्यांना ते बरंच वाटलं. कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं त्यांना.

नंतर गाडी नव्हती.

पाच वाजता पुलाच्या पायऱ्यांवर आधी हिरवी झेंडी दिसली. मागं सगळी मंडळी, हातात पेरूच्या पिशव्या. आणि सगळ्यांच्या पुढं, झेंडीच्याही पुढं, सिंधूताई. साडी पिवळी होती.

"पाह्यला हो मकबरा, कंडक्टर!" त्या वरूनच म्हणाल्या. "पाणचक्कीबी पाह्यली. लेणीत तर एवढा मोठा बुद्ध, पाय खाली सोडून बसलेला, जसा आपल्या घरी आला! गुडघ्याचं काही वाटलंच नाही, सारं चढली मी..."

दोन पायऱ्या राहिल्या असतील, तेव्हा त्यांना नवऱ्याचा चेहरा नीट दिसला. त्या थांबल्या.

"निरोप नाही भेटला?"

जानरावांनी नाही म्हणून मान हलवली.

झालं होतं ते असं. गाडी थांबली नाही म्हटल्यावर सिंधूताई जरा वेळ उभ्या राहिल्या, मग बाटली भरून सरळ रस्त्यावर गेल्या. जालना रोड. पहिल्या एसटीला हात केला, ती थांबली. आत छाया म्हणून एक तरणी कंडक्टर होती, तिला म्हणाल्या, "मी कंडक्टरची बायको." तिनं स्वतःच्या सीटवर बसवलं. स्टँडवरून रिक्षा करून मकबरा. झेंडीवाली मंडळी नाश्ता करून पोचली तेव्हा बाई गेटसमोर बसून काकडी खात होत्या. आणि नवरा स्टेशनवर आहे म्हटल्यावर त्यांनी एका रिक्षावाल्याला थांबवलं, हिंमतरावांकडून चिठ्ठी लिहून घेतली, *मी पोचली, हलू नका, पाचले येतो*, आणि त्याच्या हातात दिली. स्टेशनला चाललाच आहे, देऊन टाकील. गाडीसोबत दिलेला निरोप पोचतो. एकतीस वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं.

"वहिनी म्हणे, मी जातो स्टेशनवर," हिंमतराव सांगायला लागले. "मीच म्हन्लं, चिठ्ठी गेली ना, आता काय काळजी. तो बसंल ड्युटीवर बसल्यावानी."

"आणि मी हासली," सिंधूताई म्हणाल्या. "म्हन्लं, बसू द्या एक दिस. मी किती वर्षं तुमचा डबा घेऊन फाट्यावर बसली."

जीवन झेंडीची काठी खरवडत होता. मग भोंग्यावर गाडी लागल्याचं सांगितलं आणि सगळे पळाले.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. सिंधूताई खिडकीत, शेजारी जानराव. ते एकदाही उठले नाहीत. जीवननं माणसं मोजली, लांबूनच मोजली, तरी उठले नाहीत. हिंमतरावांनी समोर पिशवी उशाला घेतली आणि चिकलठाण्याच्या आतच घोरायला लागले. सिंधूताईंनी मकबऱ्याचं सांगायला एक-दोनदा सुरुवात केली, पण नवरा ऐकतोय की नाही हे कळेना, म्हणून सोडून दिलं. थोड्या वेळानं म्हणाल्या,

"हिंमतरावांनी सांगतलं मले. साखळीचं."

जानराव खाली बघत होते.

"हात पोचला होता म्हंते."

"पोचला होता."

"आणि पाटी वाचली."

"हाव."

सिंधूताई बाहेर बघत राहिल्या. उन्हं उतरली होती, शेतातल्या तुरीवर पिवळी पडली होती. "एकतीस वर्षं पाट्याच वाचल्या तुमी," त्या म्हणाल्या. रागानं म्हणाल्या की कसं, ते जानरावांना ओळखता आलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. विचारून तरी काय करणार होते?

गाडी हळू झाली आणि थांबली. करमाड. समोरून पुन्हा दुसरी गाडी यायची होती.

सिंधूताईंनी पिशवीत हात घातला. "सकाळची गोळी?"

"तुह्याजवळच होती."

त्यांनी पाकीट दाबून गोळी काढली, नवऱ्याच्या तळव्यावर ठेवली. मग बाटली काढली. लेणीच्या पायऱ्यांवरच संपली होती. हिंमतरावांच्या पिशवीत पाणी असेल, पण पिशवी त्यांच्या डोक्याखाली.

खिडकीतून नळ दिसत होता. सकाळचाच. तोटीतून थेंब पडत होते, आणि खाली ओल्या फरशीवर एक कुत्रं चाटत होतं. पंधरा पावलं असतील. लोक उतरत होते, बाटल्या भरत होते, हसत होते, चढत होते.

जानरावांनी नळाकडे बघितलं. सिंधूताईंनी पण बघितलं. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सिंधूताईंचा हात कधी पुढं आला कोण जाणे, पण नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक त्यांच्या मुठीत होतं, आणि त्यांच्या पदराचं टोक जानरावांच्या.

जानरावांनी गोळी जिभेवर ठेवली. मान मागं टाकली, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत कोरडीच गिळत बसले. एकदा, दोनदा, तीनदा. तेवढ्यात भोंगा झाला आणि गाडी हलली.

"गेली का?" सिंधूताईंनी विचारलं.

"अडकली हाय," जानराव म्हणाले.

"जालन्याले पिऊ पाणी."

"हाव. जालन्याले."